सोमवारची निळी गोळी मुलं खिशात का घालतात?

नमस्कार. घरात दहा ते एकोणीस वर्षांचं कुणी शाळेत जात असेल, तर आज त्याला विचारा, "शाळेत निळी गोळी देतात, ती कशाची असते रे?" "रक्ताची" एवढंच उत्तर आलं, तर पुढची काही मिनिटं त्यालाही शेजारी बसवा.

(गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर)

ही ती गोळी. हिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. आठवड्यातून एकदा, बहुतेक ठिकाणी सोमवारी, सरकारी आणि अनुदानित शाळांत फुकट मिळते. योजना २०१२ची. २०१८ साली 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' आलं, तिला आणखी जोर लावला गेला. आता आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१५-१६ मध्ये १५ ते १९ वयाच्या ५४ टक्के मुलींना रक्तक्षय, म्हणजे अ‍ॅनिमिया (रक्तात हिमोग्लोबिन कमी), होता. २०१९-२१ च्या फेरीत तो झाला ५९ टक्के.

याचं खापर एकट्या गोळीवर फोडू नका. जेवण, जंत, पाळीतला रक्तस्राव, गोळ्यांचा पुरवठा, बरंच काही त्यात आहे. पण गोळी हातात पडूनही पोटात जात नाही, हा भाग शाळेला सुधारता येण्यासारखा आहे, म्हणून मी त्याच्यावरच बोलणार.

होतं काय? मुलगी सकाळी चहा पिऊन शाळेत येते. उपाशीपोटी गोळी घेते, पोटात ढवळतं. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, ती घाबरते, मैत्रिणीला सांगते. एकीला उलटी झाली की पुढच्या सोमवारी अख्खा वर्ग गोळी खिशात घालतो आणि घरी जाताना गटारात टाकतो. मला यात मुलांची चूक दिसत नाही. पोटात न शोषलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे परिपाठाला दोन मिनिटांत सांगता येतं. मळमळ होऊ नये म्हणून दुपारची खिचडी खाऊन झाल्यावर गोळी घ्यायची, हेही. पण आपल्याकडे रजिस्टरमध्ये टिक झाली की आरोग्य शिक्षण झालं!

चहाचंही तसंच. चहातली टॅनिन्स लोह शोषू देत नाहीत. जेवणानंतर किंवा गोळीनंतर लगेच चहा घेतला, तर बरंचसं लोह वाया जातं. तास-दीड तास थांबा. उलट लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. खिचडीवर लिंबू पिळायला खर्च तो किती?

आता बीट. लाल आहे म्हणून रक्त वाढवतं, हा समज इतका पक्का आहे की डबाभर बीट किसून देणाऱ्या आया मी बघते. शंभर ग्रॅम बीटमध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीची रोजची गरज, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२०च्या शिफारशीप्रमाणे, ३० मिलिग्रॅम. बीट जरूर खा, चांगलंच आहे. पण भिस्त बाजरीची भाकरी, मटकी, हरभरा, अळीव आणि खात असाल तर मटण-मासळी यांच्यावर ठेवा.

आणि मुलगे? "ती पोरींची गोळी" म्हणून ते घेत नाहीत. त्याच सर्वेक्षणात १५ ते १९ वयाचे ३१ टक्के मुलगेही रक्तक्षयाचे निघाले. वाढीच्या वयात लोह त्यांनाही जास्त लागतं. शिक्षकांनी स्वतः ही समजूत वर्गात मोडून काढली पाहिजे.

विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहणाऱ्यांनी हे नीट ऐका. रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी लोहच असतं असं नाही. तुमच्याकडे आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार जनुकातून येतो, आणि लोहाच्या गोळीने तो बरा होत नाही. सांधे-हाडं वारंवार दुखतात, डोळे पिवळे दिसतात, घरात कुणाला सिकलसेल आहे, असं काही असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या. ती मोफत होते. २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. पापणी ओढून बघून "रक्त कमी आहे" असं ठरवू नका, हिमोग्लोबिन तपासा.

शाळेत जंताची गोळी देतात, तीही चुकवू नका. अंकुशकृमी (हुकवर्म) नावाचे जंत आतड्यातून रक्त शोषतात. ते पोटात असताना नुसतं लोह देऊन भागत नाही.

शेवटचं, पालकांसाठी. सोमवारची चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका, एकच. सुट्टीत गोळ्या घरी दिल्या असतील, तर लहान भावंडांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा. चॉकलेट समजून चिमुकल्याने मूठभर खाल्ल्या, तर लोहाची विषबाधा होते, जिवावर बेतू शकतं. अशा वेळी घरी उलटी करवत बसू नका, पट्टी बरोबर घ्या आणि थेट दवाखाना गाठा.