खान्देशच्या उन्हात दालचिनी ब्रेड

नमस्कार मंडळी. कसे आहात? धुळ्यात आज दुपारी पारा ४३ वर आहे, आणि मी ओव्हन लावणार आहे. हसा. सासूबाईही हसल्याच.

पण खरं सांगू का, ब्रेडचं पीठ फुगवायला आपल्याइतकी सोय कुणाकडे नाही. फुकटची ऊब आहे आपल्याकडे. अडचण एकच, की ती जरा जास्तच आहे. माझा पहिला उन्हाळी ब्रेड त्यातच वाया गेला. रेसिपीत लिहिलं होतं, उबदार जागी दीड तास ठेवा. मी ठेवला, वरून घड्याळही लावलं. दीड तासाने झाकण काढलं तर पीठ फुगून, परत बसून, ताडीसारखा आंबट वास मारत होतं. अहो, ती रेसिपी थंड देशातली! स्वीडनमध्ये ४ ऑक्टोबरला दालचिनी बनचा खास दिवस पाळतात, १९९९ पासून. तिथला ऑक्टोबर आणि आपला मे यांचं एक घड्याळ कसं चालेल?

म्हणून आज वेळ मी अंदाजाने सांगेन. तुम्ही पिठाकडे बघा.

सामान घ्या. मैदा ३०० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, म्हणजे सव्वा छोटा चमचा. दूध १९० मिली, लोणी ३० ग्रॅम. आता दूध. सगळे म्हणतात कोमट. आत्ता माझ्या डब्यातला मैदाच हाताला कोमट लागतोय, त्यात कोमट दूध घातलं तर यीस्ट सुसाट सुटेल. मी फ्रिजमधलं गार दूध घेते. मळून होईपर्यंत गोळा २५-२६ अंशांवर येतो, तेवढा बास. जानेवारीत मात्र, धुळ्यात पारा ६-७ वर उतरतो तेव्हा, दूध कोमटच करा. बोट बुडवून सुखाने ठेवता आलं पाहिजे. चटका बसला तर यीस्टचा जीव गेला म्हणून समजा.

लोणी सोडून सगळं एकत्र करा, पाच मिनिटांनी लोणी घाला आणि मळा. हाताने बारा-पंधरा मिनिटं. आधी चिकटेल, लोणी घातल्यावर तर घाणेरडंच दिसेल. पीठ वाढवू नका, मळत राहा.

(कॅमेरा हातांजवळ)

झालं का, हे कसं ओळखायचं? हा लिंबाएवढा गोळा घेतला. दोन्ही हातांच्या बोटांनी हळूहळू ताणते. बघा, पडद्यासारखा पातळ झाला, पलीकडचं माझं बोट दिसतंय, तरी फाटला नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा सासूबाई चष्मा लावून बघत होत्या. अहिराणीत म्हणाल्या, "हाई ते मांडासनं पीठ शे!" म्हणजे, हे तर मांड्यांचं पीठ आहे! अगदी खरं. खापरावरचे मांडे करणाऱ्या बायका पीठ आपटून, ओढून इतकं लवचीक करतात, की पुरण भरलेला उंडा हातावर कोपरापर्यंत पसरतो आणि तरी फाटत नाही. तिथेही गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, इथेही तेच. ज्यांच्या घरी मांडे होतात त्यांना मळणं मी काय शिकवणार!

गोळा झाकून ठेवा. आत्ताच्या दिवसात चाळीस मिनिटांत दुप्पट होतो. हिवाळ्यात अडीच तासही लागतात, तेव्हा पातेलं गोधडीत गुंडाळा. पिठात बोट खुपसा. खड्डा सावकाश, अर्धाच भरून आला तर तयार. तसाच राहिला तर उशीर झालाय, लगेच पुढचं काम करा.

तोवर दालचिनी. आपल्या किराणा दुकानात दालचिनी म्हणून जी जाड, टणक साल मिळते, ती बहुधा कॅसिया, म्हणजे दालचिनीच्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची साल. काळ्या मसाल्यात तीच झणझणीत लागते. खरी दालचिनी, श्रीलंकेकडची, पातळ पापुद्र्यांची असते, बोटांत चुरते आणि चवीला गोडसर, मवाळ. ब्रेडला दोन्ही चालतात. मला यात कॅसियाच आवडते, गुळापुढे मवाळ चव हरवते. मात्र ती मिक्सरमध्ये फिरवल्यावर चाळा, नाहीतर दातांत कुसळं येतात.

आणि ही पूड पिठात मळायची नाही. मी मळली होती, वीट झाली होती. यीस्ट ही शेवटी बुरशीच, आणि दालचिनीला वास देणारं सिनॅमाल्डिहाइड बुरशीला दाबतं. म्हणून दालचिनी फक्त सारणात. ७० ग्रॅम गूळ पावडर, दोन छोटे चमचे दालचिनी, एक चमचा मैदा.

तो मैदा कशाला? कापल्यावर ब्रेडमध्ये बांगडीसारखी पोकळी पडते ना, तिच्यासाठी. आपण हौसेने लोणी फासतो, त्याने थर एकमेकांना धरत नाहीत, भाजताना वाफ मधे शिरते आणि वरचा थर उचलते. म्हणून लोणी टाळा. पोळी लाटा, रुंदी ब्रेडच्या टिनाएवढी, लांबी हातभर. वर दुधाचा हलका हात, चालत असेल तर अंड्याचा पांढरा भाग, मग सारण. मैदा गुळाचा पाक धरून ठेवतो. घट्ट गुंडाळा, कड चिमटून बंद करा, शिवण खाली.

टिनमध्ये पुन्हा फुगू द्या, काठाच्या वर बोटभर येईपर्यंत. मग ओटीजी, म्हणजे आपला छोटा विजेचा ओव्हन, १८० अंशांवर, तीस-पस्तीस मिनिटं. वीस मिनिटांनी वर फॉइल टाका, साखरेमुळे लवकर करपतो. आणि हो, भारनियमनाची वेळ आधी बघून घ्या. माझा एक ब्रेड अर्ध्यात वीज गेल्याने मधोमध बसलाय.

आता सगळ्यात अवघड काम. तासभर कापायचा नाही. गरम कापला तर आत चिकट गोळा होतो.

(तासाभराने)

हा बघा कापला. चक्र छान बसलंय. डाव्या बाजूला ही बारीक फट दिसतेय? तिथे गुंडाळताना माझा हात सैल पडला, दारावर दूधवाला आला होता. ती कडेची फोड सासूबाईंची, चहात बुडवायला.