कंसातलं अक्षर

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या वहीची शेवटची चार पानं उलट्या बाजूनं भरत आली आहेत. मित्रमैत्रिणींनी वेळोवेळी सांगितलेल्या पुस्तकांची आणि सिनेमांची नावं तिथं आहेत. घाईत खरडलेली, काही अर्धवट, एकदोन तर आता माझी मलाच लागत नाहीत. प्रत्येक नावापुढे कंसात एक अक्षर आहे, ते नाव कुणी सांगितलं त्याचं. काय वाचावं, काय बघावं असा प्रश्न पडला की मी ती पानं उघडते आणि आधी कंसातली अक्षरं बघते. 'म'नं सांगितलंय, म्हणजे सकाळी, डोकं ताजं असताना. 'स'नं सांगितलंय, म्हणजे रुमाल जवळ हवा, आज नको. आणि एक अक्षर असं आहे, की त्या बाईंना जे जे अतिशय आवडतं ते मला हमखास कंटाळवाणं वाटतं. इतक्या वर्षांत एकदाही अपवाद नाही. त्यांच्याइतका भरवशाचा सल्ला मला कुणीच देत नाही. त्यांनी नाक मुरडलं की मी लगेच तिकीट काढते.

'शिफारस' हा शब्द मला जरा कचेरीतला वाटतो. शिफारसपत्र असतं, समितीच्या शिफारशी असतात. मैत्रीत आपण नुसतं 'सांगतो'. "तिनं सांगितलं म्हणून वाचलं," एवढंच. पण या सांगण्यातही तऱ्हा असतात. काही जण दवंडी पिटतात. "जबरदस्त! असं काही तू पाहिलंच नसशील!" अपेक्षा इतक्या उंचावर नेऊन ठेवतात, की त्या बिचाऱ्या सिनेमाला शिडी लावूनही तिथं पोचता येऊ नये. मग बरा सिनेमासुद्धा पडतो. त्यापेक्षा माझा एक मित्र सांगतो ते पाहा. "पहिली पन्नास पानं रखडतात. सोडू नकोस. आणि शेवट मला पटलेला नाही, पण त्या म्हाताऱ्याचं पात्र तुझ्यासाठी आहे." असं सांगितल्यावर मी दीडशे पानंसुद्धा सोसते. त्यानं दोष आधीच कबूल केलेला असतो, त्यामुळे उरलेल्या स्तुतीवर विश्वास बसतो.

यादी पाठवणाऱ्यांबद्दल मात्र मला काही आस्था नाही. 'मरण्यापूर्वी वाचायलाच हवीत अशी शंभर पुस्तकं' वगैरे. मरणाची भीती घालून कुणी वाचत नसतं. 'एक सांग' म्हटल्यावर ज्याला एक नाव सांगता येत नाही, त्यानं समोरच्याचा विचारच केलेला नसतो.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली मित्रांना विचारतंय कोण? पडदा उघडला की यंत्रच सांगतं, 'तुमच्यासाठी निवडलेलं'. यंत्राला कमी लेखू नका, त्यामागे फार हुशार माणसं राबली आहेत. २००६ साली नेटफ्लिक्सनं एक स्पर्धा जाहीर केली होती. तेव्हा ती कंपनी टपालानं सिनेमांच्या डीव्हीडी घरोघरी पाठवायची. प्रेक्षक सिनेमांना एक ते पाच तारे देत. सुमारे चार लाख ऐंशी हजार प्रेक्षकांनी सतरा हजारांवर सिनेमांना दिलेले असे दहा कोटींहून जास्त शेरे कंपनीनं स्पर्धकांपुढे ठेवले. कोणता प्रेक्षक कोणत्या सिनेमाला किती तारे देईल, हा आमचा अंदाज दहा टक्क्यांनी सुधारून दाखवा आणि दहा लाख डॉलर न्या, अशी अट. बक्षीस दिलं गेलं २००९ मध्ये. दहा टक्क्यांसाठी जवळजवळ तीन वर्षं लागली. आणि ज्या सूत्रानं बक्षीस जिंकलं, ते कंपनीनं जसंच्या तसं कधी वापरलंच नाही. खटाटोपाच्या मानानं फायदा थोडा होता.

पण मला त्या गोष्टीतला एक वेगळाच भाग आवडतो. स्पर्धकांना एका सिनेमानं भारी छळलं. २००४ सालचा, 'नेपोलियन डायनामाइट' नावाचा विनोदी सिनेमा. लोक त्याला एक तर पाच तारे देत, नाही तर एक. पाच कोण देणार आणि एक कोण, हे त्यांच्या आधीच्या आवडींवरून काही केल्या उमगेना. आता अशा सिनेमाबद्दल माझ्या 'म'ला विचारा. ती क्षणभर माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, "तुझं डोकं तिरकं चालतं. बघ तू." किंवा म्हणेल, "तू चिडशील. राहू दे."

मध्यंतरी मी एका लांबलेल्या आजारपणातून उठत होते. एरवी मी जाडजूड कादंबऱ्या वाचणारी. तेव्हा दोन पानं झाली की शब्द पोहायला लागत. मैत्रीण भेटायला आली आणि तिनं मुलांच्या गोष्टींचं एक पुस्तक पुढ्यात ठेवलं. मोठा टाइप, पानभर चित्रं. मी म्हटलं, "अगं, हे काय?" म्हणाली, "सध्या तुला पान उलटल्याचं समाधान हवंय." माझ्या वाचनाचा सगळा इतिहास धुंडाळला असता तरी ते पुस्तक कुठल्याही यंत्राच्या हाती लागलं नसतं. संध्याकाळपर्यंत मी ते संपवलं, आणि कित्येक आठवड्यांनी काहीतरी पुरं केलं असं वाटलं.

बरं, सगळे जे बघतात ते बघावं, हाही एक सोपा मार्ग आहेच. पण त्याची एक गंमत ऐका. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी वाद्यवृंदांची ४८ गाणी आणि १४ हजारांवर श्रोते. काही श्रोत्यांना नुसती गाणी दिली. बाकीच्यांना प्रत्येक गाणं आधी किती जणांनी उतरवून घेतलंय तो आकडाही दाखवला. या बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले होते, एका गटाला दुसऱ्या गटाचे आकडे दिसत नव्हते. झालं असं, की प्रत्येक गटात वेगळीच गाणी डोक्यावर घेतली गेली. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी सुमार गाणी सहसा वर आली नाहीत. पण मधल्या गाण्यांचं काय होईल याचा नेमच नव्हता. सुरुवातीला चार जण ज्याच्याकडे वळले, त्याच्यामागे चाळीस गेले. म्हणजे 'सगळे बघतायत' याचा अर्थ बऱ्याचदा 'सगळे एकमेकांकडे बघतायत' इतकाच असतो.

याउलट एखादं पुस्तक वर्षानुवर्षं मोजक्याच हातांतून फिरत राहतं. जॉन विल्यम्स या अमेरिकी लेखकाची 'स्टोनर' ही कादंबरी १९६५ मध्ये आली. एका प्राध्यापकाचं साधं, बाहेरून पाहता फारसं काही न घडलेलं आयुष्य. दोनेक हजार प्रती खपल्या आणि वर्षभरात ती बाजारातून नाहीशी झाली. लेखक १९९४ मध्ये गेले. पण ज्या थोड्यांनी ती वाचली होती, ते तिच्याबद्दल सांगत राहिले. पुढे नव्या आवृत्त्या निघाल्या, २०११ मध्ये अॅना गाव्हाल्डा या लोकप्रिय लेखिकेनं ती फ्रेंचमध्ये आणली, आणि जवळपास पन्नास वर्षांनी युरोपभर ती धो धो खपली. मला त्या मधल्या काळातल्या वाचकांचं कौतुक वाटतं. दुकानात जे मिळत नाही, ज्याचं नाव समोरच्यानं ऐकलेलं नाही, अशा पुस्तकाबद्दल कुणाला तरी सांगत राहायचं!

दुकानात मिळत नसेल तर अर्थात आपली प्रत द्यावी लागते. आणि तिथं आपल्या पूर्वजांनी इशारा देऊन ठेवलाच आहे: परहस्तगतं गतम्. दुसऱ्याच्या हाती गेलं ते गेलं. (त्या सुभाषितात पुस्तकाच्या पंगतीला बाईलाही बसवलंय, म्हणून मी ते पूर्ण म्हणत नाही.) माझ्या कपाटात निदान पाच पुस्तकांच्या जागा मोकळ्या आहेत. पाचही पुस्तकं कुठं आहेत ते मला ठाऊक आहे. मागायला जीभ रेटत नाही. आणि माझ्याकडेही दुसऱ्यांची तीन आहेत, हे सांगून टाकते, म्हणजे हिशोब बरोबर.

सगळ्यात अवघड असतं ते आपलं आवडतं काही दुसऱ्याला शेजारी बसून दाखवणं. हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आपण पडद्याकडे बघतच नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघतो. तो प्रसंग जवळ आला की आपण खुर्चीच्या कडेला येतो, "आता बघ हं" म्हणतो, आणि नेमका त्याच वेळी तो फोनमध्ये डोकावतो. एकदा तर माझा एक जुना मित्र माझ्या जिवाभावाच्या सिनेमात मध्यावरच झोपला. शांत, तोंड किंचित उघडं. मी तो सिनेमा तसाच शेवटपर्यंत पाहिला, आणि पहिल्यांदाच मला त्यातला उत्तरार्ध लांबल्यासारखा वाटला. मी त्याच्यावर दोन दिवस रुसले होते. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. सिनेमा काही मी काढलेला नव्हता. पण विशीत एकटी असताना मी तो पाहिला होता, आणि मला वाटलं होतं की हा पाहिला की त्याला तेव्हाची मी कळेन. हे एवढं ओझं मी त्या सिनेमावर टाकलं होतं आणि त्याला सांगितलं काय, तर "मस्त आहे, बघू या."

तेव्हापासून मी एक पथ्य पाळते. सांगते, आणि मग पाठपुरावा करत नाही. "वाचलंस का? कुठवर आलंय?" हे प्रश्न परीक्षेतले आहेत. पुस्तकाबाबत तर जास्तच जपावं लागतं. सिनेमा दोन-अडीच तासांत आटोपतो. पुस्तक सांगणं म्हणजे दुसऱ्याच्या कितीतरी संध्याकाळी मागणं आहे. पथ्य मोडतंच अधूनमधून, ती गोष्ट वेगळी.

माझ्या वहीत 'व'नं सांगितलेलं एक नाव सहा वर्षं तसंच पडून होतं. दर वेळी त्यावरून नजर जायची, जरा ओशाळल्यासारखं व्हायचं, की हिनं एवढ्या आपुलकीनं सांगितलं आणि आपण हात लावला नाही. गेल्या महिन्यात अखेर ते पुस्तक हाती आलं. दोन रात्री जागून वाचलं. ते इतकं माझं होतं, की तिसऱ्या दिवशी सकाळीच मी तिला फोन लावला. म्हटलं, "उशीर झाला, पण तू सांगितलेलं वाचलं. तुला कसं गं कळलं?"

"मी सांगितलं होतं?" ती म्हणाली. "मी कुठं वाचलंय ते!"

मी गप्पच.

"थांब, आठवलं. प्रवासात समोर दोघी त्याबद्दल बोलत होत्या. ऐकताना सारखी तू डोळ्यांपुढे येत होतीस, म्हणून नाव लिहून घेतलं होतं. इतकं चांगलं आहे का? मग पाठव मला. परत मिळेल असं मात्र समजू नकोस."

काल पाठवलं. नमस्कार.