कोलंबियाचा उंबरठा

(दृश्य: हिवाळ्यातली पहाट. उंच काळा कडा, त्यावर दीपगृह. खाली फेसाळलेलं पाणी. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त लाटांचा आवाज.)

या कड्याचं नाव आहे केप डिसअपॉइंटमेंट. निराशेचं भूशिर.

१७८८ साली जॉन मिअर्स नावाचा इंग्रज कप्तान फरच्या व्यापारासाठी अमेरिकेच्या या पश्चिम किनाऱ्यावर आला. इथे कुठेतरी एक मोठी नदी समुद्राला मिळते, अशी कुणकुण त्याला होती. समोर दिसली ती फक्त फुटणाऱ्या लाटांची सलग रांग. नदी नाहीच, असं ठरवून तो निघून गेला आणि जाताना कड्याला हे नाव ठेवून गेला.

नदी तिथेच होती. लाटांच्या मागे. इथले मूळ रहिवासी, चिनूक लोक, पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात होड्या घालत होते. चार वर्षांनी, मे १७९२ मध्ये, रॉबर्ट ग्रे हा अमेरिकन कप्तान त्या लाटांतून वाट काढत आत शिरला आणि त्यानं आपल्या जहाजाचं नाव नदीला दिलं. कोलंबिया.

मिअर्सला हसू नका. त्याला फसवणारी ती लाटांची रांग आजही तिथेच आहे, आणि तिच्याचसाठी या कड्याच्या आडोशाला अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं एक स्टेशन आहे.

(दृश्य: नकाशा. उत्तरेला वॉशिंग्टन राज्य, दक्षिणेला ऑरेगन, मधून नदी. मुखाशी पिवळसर वाळूचे पट्टे.)

कोलंबिया ही साधारण दोन हजार किलोमीटर लांबीची नदी. समुद्राला मिळताना ती सेकंदाला सरासरी साडेसात हजार घनमीटर पाणी ओतते. एवढ्या मोठ्या नदीच्या तोंडाशी त्रिभुज प्रदेश असायला हवा. इथे तो नाही. गाळ आणि वाळू पाण्याखालीच पसरते आणि नदीच्या दारात एक उंबरठा तयार होतो. खलाशी त्याला बार म्हणतात.

आता पॅसिफिकच्या बाजूनं बघा. हजारो किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून लाट येते. खोल पाण्यात ती लांब, गोल, जहाजाला नुसती झोके देणारी. उंबरठ्यावर तळ अचानक वर येतो, तिचा पाय अडखळतो आणि ती उभी राहते. त्याच वेळी ओहोटी लागलेली असेल तर नदीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी एकजुटीनं बाहेर धावतं आणि येणाऱ्या लाटेला समोरून धडकतं. लाट आखूड होते, उंच होते आणि फुटते. अर्ध्या तासापूर्वी जिथून बोट आरामात गेली, तिथे पाण्याची भिंत उभी असते.

कोकणात खाडीच्या तोंडाशी ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ओहोटीचं हे गणित समजावून सांगायला नको. पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मग समुद्रात जायचं. इथला सगळ्यात मोठा हंगाम डंजनेस खेकड्यांचा, आणि तो सुरू होतो डिसेंबरच्या सुमाराला. ऐन वादळांच्या दिवसांत. पहिल्या काही आठवड्यांत वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा हाती येतो, म्हणून पिंजरे भरून सगळे एकदमच निघतात. समुद्र सगळ्यात वाईट असतो तेव्हाच घाई सगळ्यात जास्त.

(दृश्य: वाळूत रुतलेला गंजलेला जहाजाचा सांगाडा. त्याच्या फासळ्यांतून पळणारी मुलं.)

ग्रे आत शिरला तेव्हापासून या परिसरात दोन हजारांच्या आसपास लहानमोठी जहाजं गेली, असं सांगतात. हा सांगाडा पीटर आयरडेल या चार डोलकाठ्यांच्या जहाजाचा. २५ ऑक्टोबर १९०६ रोजी ते ऑरेगनच्या बाजूला वाळूवर चढलं. नदीच्या दक्षिण काठावरच्या पॉइंट ॲडम्सच्या स्टेशनवरून जीवरक्षक होडी गेली आणि सगळे खलाशी वाचले. जहाज मात्र तिथेच राहिलं. आज तिथे सहली जातात.

दीपगृहाची कथा तर आणखी तऱ्हेवाईक. १८५३ मध्ये ते बांधण्यासाठी साहित्य घेऊन ओरिओल नावाचं जहाज आलं आणि याच बारवर फुटलं. दिवा लावायला निघालेलं जहाज दिवा नाही म्हणून बुडावं, याला काय म्हणायचं? पुन्हा साहित्य आलं, मनोरा उभा राहिला, आणि मग कळलं की आणलेलं भिंग वरच्या खोलीत मावतच नाही. मनोरा उतरवून परत बांधला. अखेर १८५६ मध्ये दिवा लागला. तोही उत्तरेकडून येणाऱ्यांना दिसेना, म्हणून १८९८ मध्ये अवघ्या तीनेक किलोमीटरवर नॉर्थ हेडला दुसरं दीपगृह बांधावं लागलं. १८८५ पासून १९१७ पर्यंत नदीच्या दोन्ही बाजूंनी समुद्रात लांबच लांब दगडी बांध घातले गेले. वाट खोल झाली, पण लाटा फुटायच्या थांबल्या नाहीत.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी लाइफबोट, रबरी कोट घातलेले तरुण. आवाज: रेडिओची खरखर.)

१२ जानेवारी १९६१. दुपार कलते आहे. मर्मेड नावाची अडतीस फुटी खेकड्यांची बोट, तिच्यावर दोघे भाऊ. सुकाणू तुटलंय आणि बोट पीकॉक स्पिट या वाळूच्या दांड्याकडे ढकलली जातेय.

केप डिसअपॉइंटमेंटवरून दोन बोटी निघाल्या, एक चाळीस फुटी, एक छत्तीस फुटी. चाळीस फुटीनं मर्मेडला दोर बांधला आणि फुटणाऱ्या लाटांपासून दूर ओढलं. पण तिला घेऊन बार ओलांडणं त्या बोटीचं काम नव्हतं. म्हणून पलीकडच्या पॉइंट ॲडम्सहून बावन्न फुटी ट्रायम्फ मागवली. ती जड, दमदार लाकडी लाइफबोट. अंधार पडता पडता ट्रायम्फनं दोर आपल्याकडे घेतला.

इथपर्यंत सगळं शिस्तीत झालं होतं.

परत फिरताना चाळीस फुटी उलटली. छत्तीस फुटीनं तिच्यावरच्या तिघांना पाण्यातून काढलं, पण त्यात तिलाच मार बसला होता. मागे स्टेशन आणि मधे बार. तेव्हा तिच्या तांडेलानं जो निर्णय घेतला, तो मला या सगळ्या कथेत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यानं बोट घराकडे वळवलीच नाही. किनाऱ्याकडे पाठ करून ती बाहेर, खोल पाण्याकडे नेली. तिथे कोलंबिया नावाचं दीपजहाज, म्हणजे दीपगृहाचं काम करणारं जहाज, नांगर टाकून उभं होतं. सगळे त्यावर चढले. रिकामी छत्तीस फुटी नंतर त्या जहाजाच्या कडेलाच बुडाली. माणसं वाचली.

ट्रायम्फचं नशीब तसं नव्हतं. ओढता ओढता दोर तुटला आणि ती उलटली. तिच्यावरचा एकजण मर्मेडवरच्या भावांनी पाण्यातून वर ओढला. ज्यांना वाचवायला आले, त्यांनीच वाचवलं. मग पॉइंट ॲडम्सच्या आणखी दोन बोटी आल्या, मर्मेडला पुन्हा दोर लागला, आणि एका अजस्र लाटेत तो दोरही गेला. मर्मेड परत दिसली नाही. त्या रात्री तटरक्षक दलाचे पाच जवान आणि ते दोघे भाऊ गेले. ट्रायम्फच्या सहाजणांपैकी एकच जिवंत किनाऱ्याला लागला.

(दृश्य: संग्रहालयाची उंच काच. आत नकली लाटेवर तिरपी चढवलेली पांढरी लाइफबोट.)

नदीकाठच्या ॲस्टोरिया गावातल्या सागरी संग्रहालयात आज ते दीपजहाजही आहे आणि ही चव्वेचाळीस फुटी लाइफबोटही. छत्तीस फुटी लाकडी बोटींच्या जागी ही पोलादी बोट आली, १९६२ मध्ये. ही जातिवंत बोट होती. तरीही १२ फेब्रुवारी १९९७ च्या मध्यरात्री, इथून उत्तरेला ला पुश इथे, एका शिडाच्या बोटीच्या हाकेला निघालेली याच जातीची बोट बारवर उलटली आणि जेम्स बेटाच्या खडकांवर आपटली. चौघांपैकी तिघे गेले. शिडाच्या बोटीवरच्या दोघांना हेलिकॉप्टरनं उचललं.

अशा रात्रींचे हिशेब मांडून शिकवणारी शाळा केप डिसअपॉइंटमेंटलाच आहे. नॅशनल मोटर लाइफबोट स्कूल. देशभरातून सुकाणू धरणारे इथे येतात, कारण असं वाईट पाणी दुसरीकडे सहजी मिळत नाही. फुटणाऱ्या लाटांत बोट चालवण्याचा परवाना ज्याला मिळतो, तो सर्फमन. हा शब्द वल्ह्यांच्या होड्यांच्या काळातला आहे. १९१५ मध्ये जुनी जीवरक्षक सेवा आणि महसूल खात्याची जहाजं एकत्र करून तटरक्षक दल झालं, तेव्हा तो सोबत आला आणि टिकला.

(दृश्य: ॲल्युमिनियमची लाइफबोट लाटेवर चढते. कॅमेरा सुकाणूजवळ. हेल्मेट, जाड कोरडा सूट, कमरेचे पट्टे डेकच्या कड्यांत अडकवलेले.)

आत्ताची बोट सत्तेचाळीस फुटी. कर्मचारी चार. वीस फुटांच्या फुटणाऱ्या लाटा आणि पन्नास नॉटचा, म्हणजे ताशी नव्वदेक किलोमीटरचा वारा, इथवर तिची मर्यादा. ती उलटली तर दहाएक सेकंदांत आपणहून सरळ होते. यात जादू काही नाही. इंजिनांचं वजन तळाशी आणि वरची केबिन हवाबंद, त्यामुळे पालथी राहणं तिला जमतच नाही. लहान मुलांची बुडाशी जड असलेली बाहुली असते ना, तसंच. पण ते दहा सेकंद पट्टा अडकवलेला असला पाहिजे. म्हणून निघण्याआधी प्रत्येकजण शेजाऱ्याचा पट्टा ओढून बघतो. स्वतःचा नाही, शेजाऱ्याचा.

सर्फमनची नजर बघा. तो पुढे कमी आणि मागे जास्त बघतो. मागून येणारी लाट बोटीला आडवी करते, मग उलटी. लाट जवळ आली की तो वेग कमी करून तिला खालून जाऊ देतो, किंवा सरळ वळून तिला नाक देतो. इंजिन कितीही ताकदीचं असलं तरी लाटेशी शर्यत लावायची नाही.

(दृश्य: नारिंगी हेलिकॉप्टर. दोरानं खाली उतरणारा माणूस.)

हेलिकॉप्टर दाखवल्याशिवाय अशी फिल्म कुणी बघत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी नदीच्या मुखाशी हेलिकॉप्टरच्या बचाव-प्रशिक्षणाचा वर्ग चालू होता. तेवढ्यात एका पस्तीस फुटी यॉटवरून मदतीची हाक आली. नव्यानंच जलतरणपटू झालेल्या जवानाला पाण्यात उतरवलं. तो पोहत यॉटच्या मागच्या बाजूला पोचतोय, तोच वीस फुटी लाटेनं अख्खी यॉट उलटीपालटी केली. वरचा माणूस पाण्यात फेकला गेला, जलतरणपटूनं त्याला धरलं आणि दोघं वर आले. यॉट चोरीची होती, हे नंतर समजलं. वाचवताना तसं कुणी विचारत नाही.

हेलिकॉप्टरचं महत्त्व मात्र दृश्यापुरतं नाही. इथलं पाणी वर्षभर साधारण दहा अंशांच्या आसपास. पडल्यावर पहिलं मिनिट धाप आवरण्यात जातं. पुढची दहाएक मिनिटं हात चालतात. मग बोटं वळत नाहीत, फेकलेला दोर पकडता येत नाही. म्हणून २०१४ मध्ये ऑरेगनच्या न्यूपोर्ट इथलं हेलिकॉप्टर हलवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत आधी उठल्या त्या मच्छीमारांच्या बायका. दुसऱ्या तळावरून हेलिकॉप्टर यायला किती मिनिटं जास्त लागतील, हा त्यांचा एकच प्रश्न होता. हेलिकॉप्टर तेव्हा राहिलं.

(दृश्य: धक्क्यावरचं मोठं पांढरं जहाज, नाकाजवळ तिरपा लाल पट्टा.)

आणि ही मोठी जहाजं, कटर. स्टेडफास्टसारखं चौसष्ट मीटर लांबीचं जहाज १९६८ पासून सेवेत होतं, अनेक वर्षं ॲस्टोरियाला राहिलं आणि छप्पन्न वर्षांनी, २०२४ मध्ये निवृत्त झालं. गस्त, मासेमारीवर देखरेख, दूर दक्षिणेला अमली पदार्थांचा पाठलाग, हे त्यांचं काम. रुबाबदार खरी. पण उंबरठ्यावर फुटणाऱ्या लाटांत, वाळूच्या दांड्याला लागून, त्यांना शिरता येत नाही. तिथे सत्तेचाळीस फुटीच लागते.

(दृश्य: संध्याकाळ. न्यूपोर्टचं बंदर. धक्क्याला लागलेल्या बोटी, डेकवर रचलेले खेकड्यांचे पिंजरे.)

स्टेशनवरचं रोजचं काम याहून कितीतरी कंटाळवाणं असतं. कुणीतरी जाऊन बार बघून येतो. लाटा किती फुटांच्या, कुठे फुटताहेत, ओहोटी कधी लागणार. मग रेडिओवर सांगायचं: अमुक लांबीपेक्षा लहान बोटींना बार बंद. हा अधिकार तटरक्षक दलाला आहे. माझ्या मते त्यांच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार तेच, कॅमेऱ्यात न दिसणारं. अर्थात ज्याच्या डेकवर पिंजरे रचलेले आहेत आणि डोक्यावर बोटीचं कर्ज आहे, त्याला तो आवाज गोड लागत नाही. तो धक्क्यावर कॉफी पीत समुद्राकडे बघत बसतो. मधेच उठतो, गाडीनं वर टेकाडावर जातो, स्वतःच्या डोळ्यांनी बघून येतो.

ऑरेगनच्या बंदरांत बारकडे जाणाऱ्या वाटेवर एक पाटी असते. तिच्यावर दोन पिवळे दिवे. फुटणाऱ्या लाटा चार फुटांच्या वर गेल्या की ते लुकलुकतात. दिवे बंद म्हणजे बार त्या मानानं शांत, पण सुरक्षित असल्याची हमी नाही, हे इथे प्रत्येक तांडेलाला पाठ असतं.

(दृश्य: पहाट. पाटी. दिवे विझतात. एकेका बोटीचं इंजिन सुरू होण्याचा आवाज. पहिली खेकड्यांची बोट पाटीसमोरून पुढे सरकते. तिच्या मागे, थोडं अंतर ठेवून, सत्तेचाळीस फुटी निघते आणि बारच्या आतल्या बाजूला जाऊन थांबते.)