दोन एक्स टाकले की व्हेरियंट झाला?

नमस्कार मंडळी. पेटंटच्या सिक्वेन्स लिस्टिंगमध्ये (अर्जासोबतची डीएनए-प्रोटीनच्या क्रमांची यादी) व्हेरियंट, म्हणजे त्या क्रमाचं बदललेलं रूप, कसा दाखवायचा, हे विचारून तुम्ही लोकांनी जीव खाल्लाय. घ्या.

सुरुवातीचं पटकन. १ जुलै २०२२ पासून या यादीला एसटी.२६ हे आंतरराष्ट्रीय मानक, फाईल एक्सएमएल. निदान १० ठरलेले न्यूक्लिओटाइड (डीएनएचे दुवे) किंवा ४ ठरलेली अमिनो आम्लं (प्रोटीनचे दुवे) असली तरच सिक्वेन्स यादीत. एन (कोणताही न्यूक्लिओटाइड) आणि एक्स (कोणतंही अमिनो आम्ल) मोजायचे नाहीत. झालं.

आता दुखणं. तुमच्या प्रोटीनमध्ये ५व्या जागी ॲलानिन असेल तर २०व्या जागी ग्लायसिन. ५ला व्हॅलिन आलं तर २०ला सेरिन. तुम्ही काय करता? दोन्हीकडे एक्स, खाली एकेक नोट. अहो, थांबा की!

बैलांचं घ्या. जुवाला डावीकडं देवणी किंवा लाल कंधारी, उजवीकडंही दोन्हीपैकी कोणताही चालतो, तर जोड्या ४. पण मालक म्हणाला, देवणीसोबत देवणीच, कंधारीसोबत कंधारीच, तर जोड्या २. दोन सुट्ट्या नोटांत ही अट दिसतच नाही. वाचणारा ४ धरतो, त्यातल्या २ तुम्ही कधी सांगितल्याच नाहीत!

पहिल्या लिस्टिंगला मीही हेच केलं होतं. आमच्या वरिष्ठांनी पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या नि विचारलं, "या मधल्या दोन कुठून आणल्या?" मी गप.

म्हणून बदल एकमेकांवर अवलंबून असतील तर प्रत्येक जोडीला वेगळा सिक्वेन्स, वेगळा सीक आयडी (यादीतला क्रमांक). सुटे असतील तर मूळ सिक्वेन्सवरच खूण चालते: प्रोटीनला 'व्हेरियंट' नावाची खूण नि खुलासा 'नोट'मध्ये, डीएनएला 'व्हेरिएशन' नि खुलासा 'रिप्लेस'मध्ये.

मधेच एका दादांची कमेंट, "माझ्या तुरीच्या वाणाचं पेटंट होईल का?" दादा, नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३ (जे) नुसार बियाणं, वाण यांना पेटंट मिळत नाही. तुमच्यासाठी २००१चा वाण संरक्षण कायदा आहे.

आणि परभणीच्या ताई लिहितात, "एक्सचा अर्थ आम्ही अर्जाच्या वर्णनात दिलाय." ताई, लिस्टिंगमध्ये खुलासा नसलेला एक्स म्हणजे २२ अमिनो आम्लांपैकी कोणतंही! खुलासा तिथंच, एक्सएमएलमध्ये हवा. आणि आयसोल्युसिन किंवा ल्युसिन एवढंच असेल तर एक्स कशाला? 'जे' (J) लिहा. त्याच्यासाठीच तर ते अक्षर ठेवलंय.