जुवाखालचा खांदा

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘सैनिकाचे चरित्र कसे लिहावे’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु आधी माझ्या वडिलांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. माण तालुक्यातल्या कोरडवाहू शेतावर ते वाढले, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, पंधरा वर्षे राहिले आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत इथे ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करीत होते. अशा फाटकांवर सातारा-सांगलीकडचे माजी सैनिक उभे असलेले आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. गेल्या वर्षी आबा गेले, तेव्हा शोकसभेत प्रत्येक वक्त्याने त्यांच्या ‘पूर्वी स्टार’ या युद्धपदकाचा आणि जमालपूरच्या लढाईचा उल्लेख केला. शेताचा उल्लेख एकानेही केला नाही, आईचा तर नाहीच. ते मला तेव्हा लागले आणि अजूनही लागते आहे.

बांगलादेश युद्धातल्या जमालपूरची हकिकत आपणांस ठाऊक आहे. ९ डिसेंबर १९७१ रोजी ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांनी एका मुक्तिसैनिकाच्या हाती तिथल्या पाकिस्तानी तळाकडे शरणागतीचे पत्र पाठवले आणि उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी आली. ११ तारखेला जमालपूर पडले. चाळीतली मुले आबांना या लढाईविषयी विचारीत, तेव्हा ते सांगत ते मात्र निराळेच. ब्रह्मपुत्रेच्या वाळूतून दारूगोळा वाहण्यासाठी तिथल्या गावकऱ्यांनी आपल्या बैलगाड्या दिल्या होत्या. त्यांतल्या एका बैलाचा खांदा जुवाखाली सोलवटून सुजला होता. आबांनी गाडीतले गोणपाट घेतले, त्याची चौपदरी घडी केली, ती जुवाखाली घातली आणि नदी ओलांडेपर्यंत ते त्या बैलाच्या बाजूने चालले. गाडीवानाची भाषा त्यांना येत नव्हती, त्यांची त्याला येत नव्हती. परंतु खांद्याला हात लावताच त्याला सारे कळले, असे ते म्हणत. ज्याने लहानपणापासून बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या संध्याकाळी हळद-तेलाने बैलांची खांदेमळणी केली आहे, त्याच्याच नजरेला त्या धांदलीत तो खांदा पडला असता, असे मला मनापासून वाटते.

लढाई संपली, परंतु आबांना रजा मिळाली ती थेट १९७२च्या दिवाळीला. मधल्या काळात गावाकडे पाऊस नव्हता. आई अक्षरओळख नसल्यामुळे शाळेतल्या गुरुजींकडून आंतर्देशीय पत्रे लिहून घेई. आषाढातल्या पत्रात तिने कळवले होते की बेंदूर नीट पार पडला, खांदेमळणी केली, बैल बरे आहेत. आबांनी ते पत्र बराकीत सगळ्यांना वाचून दाखवले होते. ते घरी आले, तेव्हा दावण रिकामी होती. वैरण संपल्यामुळे दोन्ही बैल वैशाखातच विकले होते आणि आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडीत होती. आबा आधी रागावले, असे आईच सांगते. ‘तुम्ही तिकडं लढताय, त्यात बैलांचा घोर कशाला लावायचा?’ एवढेच ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रजा संपेपर्यंत ते तिच्या शेजारी बसून खडी फोडीत राहिले आणि मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, तांबडी भाकरी खात राहिले. ही रजा त्यांच्या सेवापुस्तिकेत केवळ दोन तारखांची नोंद होऊन राहिली आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. याच पलटणीतले नामदेव जाधव हे संगमनेर तालुक्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढले, शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. मानपत्रात तो एक दिवस आहे. ते मात्र १९८४पर्यंत जगले. त्या मधल्या एकोणचाळीस वर्षांचे काय?

म्हणून सैनिकाचे चरित्र लिहिणाऱ्याने सेवापुस्तिकेच्या शेजारी सातबारा ठेवावा. आमच्या उताऱ्यावर त्या वर्षीच्या पीकपाहणीत ‘पड’ अशी नोंद आहे, आणि आईच्या पत्रात नव्हते ते त्या एका शब्दात आहे. घरी आलेली आणि घरून गेलेली, दोन्हीकडची पत्रे शोधावीत. आणि सर्वांत आधी पत्नीचे बोलणे तिच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करावे, कारण कागद थांबतात, माणसे थांबत नाहीत. मी स्वतः हे आबांच्या पश्चात सुरू केले, म्हणजे उशिरा.

आई आज पहिल्या रांगेत बसली आहे. तिचे सुमारे सहा तासांचे बोलणे माझ्याकडे जमा झाले आहे. बैल कोणी नेले, कोणत्या वाराला नेले, जाताना ढवळ्या कुठे अडला, हे सगळे तिने सांगितले. किंमत किती आली ते मात्र तिने आबांनाही सांगितले नव्हते आणि मलाही अजून सांगितलेले नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी मी पुन्हा विचारणार आहे.