उत्तर द्यायची सोयच नव्हती

नमस्कार श्रोतेहो. आज विषय आहे राजकारणावरच्या ऑनलाइन चर्चांचा, त्यातून माणसांची समज जुळते की नुसतीच डोकी तापतात?

डोकी तापतात हे खरंय. १९६९ साली छापून आलेल्या एका प्रयोगात मोस्कोविसी आणि झावालोनी या दोन मानसशास्त्रज्ञांनी फ्रान्समधल्या विद्यार्थ्यांना गटात बसवून बोलायला लावलं, तर त्यांचे नेते द गॉल आधीच आवडायचे ते चर्चेनंतर जास्त आवडायला लागले आणि अमेरिकनांवरचा राग आणखी वाढला. म्हणजे एका मताची माणसं बोलत बसली की मत कडक होतं. मत कडक होतं, समज वाढते असं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते तैवानचं, हा किस्सा मी कुणालाही पकडून ऐकवतो. २०१४ च्या मार्चमध्ये तिथले विद्यार्थी चीनसोबतच्या व्यापार करारावरून चिडून थेट संसदेत घुसले आणि तीनेक आठवडे हललेच नाहीत. त्यानंतर सरकार आणि कोडिंग करणारे कार्यकर्ते यांनी मिळून व्ही-तैवान सुरू केलं, म्हणजे धोरणांवर लोकांची ऑनलाइन चर्चा घडवायचा एक उपक्रम, आणि २०१५ ला त्यात विषय आला उबरचा. एकीकडे भडकलेले टॅक्सीवाले, दुसरीकडे उबरवर खूश असलेले प्रवासी. वापरलं पोल डॉट आयएस नावाचं सॉफ्टवेअर, आणि ऐका हं, त्यात उत्तर द्यायची सोयच नव्हती! तुम्ही एक वाक्य लिहायचं, बाकीच्यांनी सहमत, असहमत नाहीतर पास दाबायचं, बस. रिप्लाय नाही म्हणजे टोमणा नाही. (आणि ते हसून लोळणारे इमोजी, ते तर कायद्याने बंद करावेत असं माझं मत आहे, असो.) स्क्रीनवर नकाशा दिसायचा, कोण कुणासारखं मत देतंय त्याचा. सुरुवातीला सरळ दोन तट पडले. मग लोक अशी वाक्यं लिहायला लागले की ज्याला पलीकडचेही सहमत दाबतील: प्रवाशांचा विमा हवा, चालकांची नोंदणी हवी. भांडण मिटलं नाही, पण भांडण नेमकं कशावर आहे ते दोघांना एकसारखं दिसलं. पुढे सरकारच्या नियमांत यातलं बरंच आलं.

आता हे सगळीकडे चालेल का? तिथेही सरकारवर ऐकायचं बंधन नव्हतंच. शिवाय विम्यावर जुळवून घेता येतं हो, पण आपला कोण आणि परका कोण यावरच वाद असेल तर रिप्लायचं बटण काढून काय होणार, मला तरी शंकाच वाटते.