विजेती दिसायला कशी असावी?

६ जुलै २०१३. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना रंगला आहे. पंधरावे मानांकन असलेली फ्रान्सची मारियन बार्तोली पहिला सेट ६-१ असा जिंकून दुसऱ्या सेटमध्ये ५-१ अशी पुढे आहे, आणि जर्मनीची साबिने लिसिकी दडपणाखाली अश्रू आवरत खेळते आहे. बार्तोलीचे तीन मॅच पॉइंट, म्हणजे सामना संपवण्याच्या संधी, हुकतात, लिसिकी ५-४ पर्यंत मजल मारते आणि अखेर बार्तोली एक एस, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला परतवताच न येणारी सर्व्हिस, मारून सामना संपवते. कारकिर्दीतील सत्तेचाळिसाव्या ग्रँड स्लॅम स्पर्धेत तिला पहिले विजेतेपद मिळाले, आणि तेही एकही सेट न गमावता.

त्याच दिवशी बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन इन्व्हरडेल यांनी एक शंका बोलून दाखवली. ‘तू काही देखणी होणार नाहीस, तुला शारापोव्हा होता येणार नाही, तेव्हा तुला झुंजावेच लागेल,’ असे वडिलांनी बार्तोलीला लहानपणी सांगितले असेल का, असा त्या शंकेचा आशय होता. तक्रारींची झोड उठली, बीबीसीने दिलगिरी व्यक्त केली आणि इन्व्हरडेल यांनीही माफी मागितली. हे विधान खटकते ते नुसत्या उद्धटपणामुळे नव्हे. वरकरणी ते तिच्या जिद्दीचे कौतुक होते. मात्र त्या जिद्दीचे मूळ त्यांनी रूपाच्या उणिवेत शोधले होते.

प्रत्यक्षात ते मूळ फ्रान्समधल्या रतुर्नाक या लहानशा गावात होते. तिचे वडील वॉल्टर हे व्यवसायाने डॉक्टर. मुलीला घडवण्यासाठी त्यांनी आपला दवाखाना सोडला. सरावाच्या कोर्टवर बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, मागे जेमतेम जागा होती, त्यामुळे मागे सरकून चेंडूची वाट पाहण्याची सोयच नव्हती. चेंडू उसळताच पुढे येऊन टोलवण्याची सवय तिला तिथेच लागली. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही दुहाती मारण्याची ओढ टेनिसपटू मोनिका सेलेसकडून आली. दोन गुणांच्या मधल्या वेळात ती जागच्या जागी उड्या मारी, हवेतच फटके मारी. काहींना ते विचित्र वाटे. तिचे लक्ष मात्र त्यामुळे ढळत नसे.

ज्या रशियन टेनिसपटू मारिया शारापोव्हाचे नाव तुलनेसाठी घेतले गेले, तिच्यावरही यात अन्यायच झाला. वडिलांसोबत लहान वयात रशिया सोडून फ्लोरिडात आलेल्या आणि दोन वर्षे आईपासून दूर राहिलेल्या त्या मुलीने कमी का झुंज दिली होती? शिवाय त्या वर्षी ती दुसऱ्याच फेरीत गारद झाली होती. तरीही जाहिरातींचा बाजार तिच्या बाजूने होता. २००५ ते २०१५ अशी सलग अकरा वर्षे ‘फोर्ब्स’च्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या महिला खेळाडूंच्या यादीत ती अग्रस्थानी राहिली, आणि याच काळात सेरेना विल्यम्स मात्र तिला सातत्याने हरवत होती.

बार्तोलीच्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी अँडी मरे याच कोर्टवर पुरुष एकेरीचा विजेता ठरला. त्याच्या यशाचे कारण त्याच्या चेहऱ्यात शोधावे असे कुणाला सुचल्याचे ऐकिवात नाही.

बार्तोलीचे उत्तर शांत होते. मॉडेलिंगच्या कराराचे स्वप्न आपण कधी पाहिले नव्हते, विम्बल्डन जिंकण्याचे मात्र नक्कीच पाहिले होते, असे तिने सांगितले. पुढच्याच महिन्यात, शरीर साथ देत नसल्याचे कारण देत, तिने अमेरिकेतील सिनसिनाटीत निवृत्ती जाहीर केली.